शटर खालून उचकटते: घरगुती गॅरेजच्या सुरक्षेविषयी

बेळगाव परिसरात घर बांधणारा माणूस दर्शनी दरवाजासाठी सागवान पारखून घेतो, चौकटीवर कोरीवकाम करवून घेतो, कुलूप नामांकित कंपनीचे आणतो आणि देवघराच्या दारापर्यंत प्रत्येक गोष्टीत स्वतः लक्ष घालतो. गॅरेजचे शटर मात्र वास्तुशांतीच्या आठ-दहा दिवस आधी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात बसवले जाते. मी अनेक वर्षांपासून शटर, ग्रील आणि लोखंडी दरवाजे बनवण्याच्या व्यवसायात आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात नवी कामे येतात, तशीच चोरीनंतरच्या दुरुस्तीची कामेही येतात. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, शहापूर, हिंदवाडी येथून आणि कधी कधी खानापूर किंवा निपाणीहूनही. ही वाकलेली आणि उचकटलेली शटरे पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक ठिकाणी कुलूप फुटलेले नसते. ते जसेच्या तसे लटकत असते आणि त्याच्या आजूबाजूचे लोखंड वाकलेले, उपटलेले किंवा कापलेले असते. म्हणून या लेखात मी कुलपाविषयी थोडे आणि कुलूप ज्यात अडकवले जाते त्या लोखंडाविषयी, सिमेंटाविषयी आणि चौकटीविषयी अधिक लिहिणार आहे.

आपल्याकडे गॅरेज म्हणजे केवळ मोटारीची खोली नसते. अनगोळ-वडगावसारख्या, आजही शेतीशी नाते असलेल्या भागांत जुन्या गोठ्याचेच गॅरेज झालेले दिसते. कॅम्पातील, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातील, जुन्या बंगल्यांत ते आउटहाउसला लागून, लाकडी दारांचे असते. नव्या वसाहतींत ते घराच्या तळमजल्यावर, वर राहण्याच्या खोल्या आणि खाली शटर अशा स्वरूपाचे असते. मोटार किंवा दुचाकीबरोबर तेथे गॅसची जादा टाकी, विहिरीवरून काढून आणलेली पाण्याची मोटर, केबलचे वेटोळे, ट्रॅक्टरची बॅटरी, ड्रिल, ग्राइंडर, भाताची किंवा काजूची पोती असे बरेच काही ठेवलेले असते. तांब्याची केबल, बॅटरी आणि मोटर यांना भंगारात लगेच गिऱ्हाईक मिळते आणि त्यांची ओळख पटवणे अवघड असते, त्यामुळे मोटारीला हात न लावता एवढाच माल उचलून नेणारे चोरही असतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, शिडी, पहार, कुदळ आणि ग्राइंडर हे घर फोडण्याचे सगळे साहित्य आपण स्वतःच गॅरेजमध्ये एकत्र ठेवलेले असते. गॅरेज आधी उघडून तेथल्याच पहारीने घराचे मागचे दार उचकटल्याच्या खुणा मी दुरुस्तीच्या वेळी पाहिल्या आहेत. शिडी साखळीने भिंतीला बांधावी आणि पहार, ग्राइंडर यांसारखी हत्यारे कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवावीत, हा सल्ला मी प्रत्येक ग्राहकाला शटरच्या मापाआधी देतो.

त्यानंतर मी पाहतो ते गॅरेजमधून घरात जाणारे दार. असे दार असेल तर ते घराच्या मुख्य दाराच्या तोडीचे असायला हवे, आणि प्रत्यक्षात ते बहुधा न्हाणीघराच्या दाराच्या तोडीचे असते. पातळ फ्लश डोअर, आत एक टॉवर बोल्ट, आणि तो बोल्ट अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी चौकटीला धरलेला, अशी ती रचना असते. शटरच्या आत शिरलेल्या माणसाला बाहेरून कोणी पाहू शकत नाही. त्याला या दारावर हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून तेथे भरीव लाकडाचे किंवा लोखंडी पत्र्याचे दार, होल्डफास्टने, म्हणजे चौकटीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत नीट गाडलेली चौकट, वर-खाली दोन कड्या आणि मधोमध आडवा अडसर एवढे तरी असावे. जुन्या वाड्यांत दाराच्या मागे भिंतीतील भोकांत सरकणारा लाकडी अडसर असे. तो आजही करून घेता येतो आणि बाजारातील अनेक महाग कुलपांपेक्षा तो अधिक जोर सहन करतो.

असे दार असण्याचा एक मोठा फायदाही आहे. मोटार आत घेतल्यावर शटर आतून बंद करता येते आणि आपण घरातून ये-जा करू शकतो. आतून बंद करायचे म्हणजे शटरच्या खालच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना जाड सरकत्या कड्या वेल्ड करायच्या आणि त्या बाजूच्या गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या खाचेतून वर-खाली सरकते त्या लोखंडी पन्हळीत, पाडलेल्या भोकांत जातील अशी सोय करायची. बाहेरच्या बाजूला मग कुलूपच उरत नाही. जे दिसत नाही ते कापताही येत नाही. ज्यांच्या घराची रचना अशी आहे, त्यांनी बाहेरच्या कुलपांवर खर्च करण्यापूर्वी ही सोय करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. फक्त गॅरेजमध्ये रात्री कोणी झोपत असेल, तर त्याला अंधारात आणि धुरातही क्षणात बाहेर पडता आले पाहिजे, याची खात्री करून घ्यावी. पेट्रोलची गाडी, गॅसची टाकी आणि आता चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटर एकाच खोलीत असतात, तेथे आतून किल्लीची कुलपे घालणे धोक्याचे आहे.

आता शटरकडे वळतो. शटर बाजूने किंवा वरून सहसा फुटत नाही; ते खालून, मधोमध उचकटले जाते. दोन्ही टोकांना साइड लॉक असतात, त्यामुळे टोके धरलेली राहतात, पण मधला भाग मोकळा असतो. तेथे खाली कटावणी किंवा पहार घालून, कधी मोटारीचा जॅक लावून शटर वर रेटले जाते, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात आणि सडपातळ माणूस आत सरपटू शकेल एवढी फट तयार होते. यामागचे गणित साधे आहे. दोन टोकांना टेकलेल्या पट्टीच्या मध्यभागी ठरावीक जोर लावला, तर ती किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. लांबी दुप्पट झाली की त्याच जोराने होणारा बाक आठपट होतो. सहा फुटी शटर आणि बारा फुटी शटर यांत दुपटीचा फरक दिसतो, पण चोराच्या पहारीच्या दृष्टीने तो आठपट असतो. हेच गणित उलट आपल्या उपयोगी पडते. शटरच्या मध्यभागी जमिनीशी एक पक्का जोड दिला, म्हणजेच सेंटर लॉक बसवले, तर मोकळी लांबी निम्मी होते आणि तोच जोर आधीच्या एक-अष्टमांश बाक देतो. दोन गाड्यांच्या रुंद शटरला दोन सेंटर लॉक द्यावेत. यासाठी लागणारे लोखंड काही किलोंचेच असते, आणि तरीही दहा घरांपैकी बहुतेक घरांत ते नसते याचे मला मनापासून वाईट वाटते.

सेंटर लॉकचा कोयंडा कशात बसवला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. फरशीवर चार अँकर फास्टनर ठोकून बसवलेला कोयंडा दिसायला भक्कम दिसतो, पण पहारीच्या एका हिसक्याने फरशीसकट वर येतो. फरशी फोडून खाली साधारण नऊ इंच खोल खड्डा घ्यावा, त्यात १६ मिलिमीटर जाडीच्या गजाचा यू आकाराचा तुकडा, त्याची खालची टोके बाहेरच्या बाजूला वाकवून ठेवावा आणि खड्डा काँक्रीटने भरून त्यावर आठवडाभर पाणी मारावे. पावसाळ्यात तेथे पाणी साचून गज गंजू नये म्हणून भोवतीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. हे काम गवंड्याचे आहे. शटरवाल्या मिस्त्रीने ते आपल्या हाताने करून देण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि दोघांना एकाच दिवशी बोलवावे, नाहीतर कोयंडा एका जागी आणि कडी दुसऱ्या जागी येते.

पट्टीच्या जाडीचा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतात. बाजारात ती गेजमध्ये मोजली जाते आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर आणि २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. लोखंडी शटरांसाठीचे भारतीय मानक ६२४८ साडेतीन मीटरपर्यंत रुंदीच्या शटरला किमान ०.९० मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटरला किमान १.२५ मिलिमीटर जाडीची पट्टी सांगते. स्वस्त दर सांगणाऱ्याच्या शटरमध्ये बहुधा २२ गेजची पट्टी असते आणि रंग लावल्यावर ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. रंग लावण्यापूर्वी कारखान्यात जाऊन व्हर्नियर या मोजपट्टीने जाडी मोजून घ्यावी. प्रामाणिक मिस्त्रीला त्याचा राग येत नाही. पट्ट्यांच्या टोकांना क्लिपा आहेत का, हेही पाहावे, कारण क्लिपा नसतील तर पट्ट्या एकमेकींतून आडव्या सरकतात आणि सगळे शटर कडेने मोकळे होते. सर्वांत खालच्या पट्टीला ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल आतून वेल्ड केला, तर जुने पातळ शटरही बऱ्यापैकी ताठ होते. नवे शटर परवडत नसेल तर मी हाच उपाय सुचवतो.

गाईडचे बोल्ट बाहेरच्या बाजूला येत असतील, तर त्यांची डोकी वेल्ड करून टाकावीत. पाना घेऊन शांतपणे गाईडच सोडवल्याची उदाहरणे माझ्यासमोर आली आहेत.

शटरऐवजी दोन फाळ्यांचा, म्हणजे दोन झडपांचा, लोखंडी दरवाजा असेल, तर त्याचे कच्चे ठिकाण बिजागरीत असते. असे अनेक दरवाजे खालच्या खुंटीवर नुसते ठेवलेले असतात. कुलूप लावलेले असतानाही फाळ्याच्या खाली पहार घालून तो दोन इंच उचलला की खुंटीवरून निघतो. फाळ्याच्या वर, उचलायला जागा उरणार नाही अशा अंतरावर, चौकटीला लोखंडाचा एक तुकडा वेल्ड करावा. बिजागरीच्या पिना बाहेरून ठोकून काढता येत असतील तर त्यांची टोके वेल्डिंगने बंद करावीत. कडी-कोयंडा स्क्रूने बसवलेला असेल तर तो काढून टाकावा आणि आरपार जाणाऱ्या बोल्टांनी, आतून नट घट्ट करून व नटावर वेल्डिंगचा टाका मारून पुन्हा बसवावा. कॅम्पातील लाकडी दारांच्या जुन्या गॅरेजांत लाकूड अजून उत्तम असते, पण कोयंड्याभोवती ते ओलाव्याने कुजलेले असते. तेथे दाराच्या आतून आणि बाहेरून दोन लोखंडी पट्ट्या घालून त्यांच्यामध्ये लाकूड धरावे आणि मगच कोयंडा बसवावा.

कुलपाविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कुलपाचा आकार मोठा असण्याला अर्थ नाही. त्याचा कडा, म्हणजे कोयंड्यात अडकणारा वाकवलेला गज, किती उघडा दिसतो याला अर्थ आहे. कडा जाड, टणक केलेल्या पोलादाचा असावा आणि कुलूप लावल्यावर त्यात पहारीचे टोक किंवा कटरचे पाते घुसायला जागा राहू नये. ज्यांचा कडा अंगानेच झाकलेला असतो अशी गोल किंवा खांदेवाली कुलपे शटरसाठी चांगली. साध्या कुलपासाठी कोयंड्याभोवती लोखंडी पेटी वेल्ड करून, हात आत घालूनच किल्ली लावता येईल अशी सोय करता येते. आपल्याकडील पावसात कुलपात खोबरेल तेल किंवा जुने इंजिन ऑइल घालण्याची सवय आहे. त्यावर धूळ चिकटते आणि कुलूप अडकते. ग्रॅफाइटची पूड घालावी. आणि बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरसमोर कोणतेही कुलूप फार काळ टिकत नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा. आपण जे करतो ते चोराची मिनिटे वाढवण्यासाठी आणि त्याला आवाज करायला भाग पाडण्यासाठी करतो.

हा आवाजाचा विचार आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात, खानापूरच्या बाजूला तर अधिकच, रात्रभर पत्र्यावर पडणाऱ्या पावसात शेजारच्या खोलीतील हाक ऐकू येत नाही, मग गॅरेजमधील लोखंडाचा आवाज कोणाला ऐकू येणार? म्हणून मी शटरला साधा चुंबकी सेन्सर लावून त्याची तार झोपण्याच्या खोलीतील बझरला जोडण्याचा सल्ला देतो. शटर एक-दोन इंच हलले की बझर वाजतो. तो इन्व्हर्टरवर जोडावा, कारण पावसाळ्यात वीज जाते आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते. कॅमेऱ्यापेक्षा हा बझर मला अधिक मोलाचा वाटतो, कारण कॅमेरा घडलेले दाखवतो आणि बझर घडत असताना जागे करतो. बझर वाजल्यावर मात्र काठी घेऊन एकट्याने गॅरेजमध्ये धावू नये. घरातील सर्व दिवे लावावेत, मोठ्याने ओरडावे, शेजाऱ्यांना फोन करावा आणि ११२ वर कळवावे.

कॅमेरा बसवायचा असेल तर तो आठ-नऊ फूट उंचीवर, गॅरेजकडे येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल असा बसवावा. छताजवळून खाली पाहणारा कॅमेरा टोप्या आणि छत्र्या दाखवतो. रेकॉर्डिंगची पेटी गॅरेजमध्ये किंवा दिवाणखान्यातील टीव्हीखाली ठेवू नये, कारण चोर ती पेटीच घेऊन जातात. ती पोटमाळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात असावी आणि दृश्ये मोबाइलवरही साठत असावीत. रात्री कॅमेऱ्याच्या तांबड्या दिव्यांभोवती कीटक जमतात, त्यांच्यामागे कोळी येतात आणि महिन्याभरात भिंगावर जाळे होते. ते पुसण्याचे काम घरातील एखाद्या मुलाकडे सोपवावे. हालचालीवर लागणारा दिवा उपयोगी असतो, पण सौरऊर्जेवरचे दिवे जुलै-ऑगस्टमधील ढगाळ दिवसांत पुरेसे चार्ज होत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे तारेवरचाच दिवा घ्यावा.

छताकडे फार कमी लोक पाहतात. पत्र्याचे छप्पर जे-बोल्टने, म्हणजे इंग्रजी J सारख्या वाकवलेल्या बोल्टने, धरलेले असते आणि त्याचे नट वरच्या बाजूला, उघड्यावर असतात. कंपाउंडच्या भिंतीवरून छपरावर चढता येत असेल, तर पान्याने चार नट काढून पत्रा सरकवणे हे शटर उचकटण्यापेक्षा सोपे आणि शांत काम आहे. नटांवर वेल्डिंगचा टाका मारला तर पत्र्याचा झिंक जळतो आणि तेथून पुढे गंज धरतो, म्हणून बोल्टची वर आलेली टोके हातोड्याने ठेचून नट अडकवावेत. कौलारू गॅरेज असेल तर कौलांखाली, वाशांना धरून, वेल्डमेशची जाळी आतून ठोकावी. कौले काढून आत उतरणे ही फार जुनी पद्धत आहे आणि खानापूर तालुक्यातील जुन्या घरांत ती आजही लागू पडते. हवेसाठी ठेवलेली सिमेंटची जाळी हातोड्याच्या दोन घावांत फुटते. तिच्या आतून १२ मिलिमीटरच्या चौकोनी गजांचे ग्रील, दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीत गाडून घ्यावे. खिडकीच्या काचेला धुरकट फिल्म लावली तर आत काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. कंपाउंडला लागून असलेल्या फणसाच्या किंवा आंब्याच्या छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात.

शेतघरांच्या बाबतीत कोणी कोणी कुंपणात किंवा शटरमध्ये विजेचा प्रवाह सोडण्याविषयी विचारतात. हे कधीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याने पहिला बळी दूध घालायला आलेल्या मुलाचा, गाईचा किंवा आपल्याच घरातील माणसाचा जाऊ शकतो, आणि तो गुन्हा आहे. अशी मागणी आली की मी ते काम घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नये म्हणून व्यवसायातील ओळखीच्या मंडळींना कळवतो.

विजेवर चालणारी शटरे आता सदाशिवनगर, हनुमाननगर या बाजूच्या नव्या घरांत बरीच दिसतात. त्यांत वीज गेल्यावर हाताने उघडण्याची सोय असते आणि तीच दुर्बळ जागा ठरू शकते; बाहेरून उघडण्याची ती किल्ली सुमार प्रतीची असेल तर बदलून घ्यावी. वर सरकणाऱ्या फळीच्या दारांत आपत्कालीन सुटकेची दोरी लोंबत असते आणि दाराच्या वरच्या फटीतून तारेचा आकडा घालून ती ओढता येते; त्या फटीसमोर आतून पत्र्याची पट्टी लावली की हा मार्ग बंद होतो. रिमोट दर वेळी बदलता सांकेतिक क्रमांक पाठवणारा आहे ना, हे विक्रेत्याला विचारावे. रिमोट मोटारीत ठेवून मोटार रस्त्यावर उभी करू नये, कारण त्या मोटारीची काच फोडणाऱ्याला घरही उघडून मिळते.

आत उभ्या असलेल्या वाहनालाही कुलूप हवे. दुचाकीचे हँडल लॉक लाथेच्या जोराने मोडते. त्याऐवजी टणक पोलादाची साखळी मागच्या चाकातून आणि चौकटीतून घालून जमिनीत गाडलेल्या कडीला लावावी. सेंटर लॉकचा खड्डा खणताना आणखी एक खड्डा खणून अशी कडी बसवून घेतली तर वेगळा खर्च फारसा येत नाही. मोटारीची दुसरी किल्ली गॅरेजमधील खिळ्याला टांगून ठेवण्याची पद्धत मी अनेक घरांत पाहतो आणि प्रत्येक ठिकाणी ती माझ्यासमोरच काढायला लावतो.

घर बंद करून गावाला जाताना शेजारधर्म कामाला येतो. गणपतीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सौंदत्तीच्या यात्रेला किंवा चंदगडकडच्या मूळ गावी लग्नकार्याला गेलेले घर ओळखणे अवघड नसते: अंगणात सडा नाही, उंबऱ्यासमोर रांगोळी नाही, दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र पडून आहे. शेजारच्या काकूंना किंवा वहिनींना सांगून रोज चार ओळींची रांगोळी काढवून घ्यावी, शेजाऱ्यांची मोटार आपल्या शटरसमोर उभी करण्यास सांगावे, आणि प्रवासाची छायाचित्रे परत आल्यावरच सर्वांना पाठवावीत. जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचे कळवून ठेवले तर रात्रीच्या गस्तीत लक्ष ठेवले जाऊ शकते. आपल्या गल्ल्यांत पंच आणि युवक मंडळे आहेत. गणेशोत्सवात रात्र रात्र जागणाऱ्या या मुलांनी सुट्टीच्या काळात गस्तीचे वार वाटून घेतले, तर गल्लीतील प्रत्येक शटरला त्याचा आधार मिळेल.

चोरी झालीच तर पुढच्या गोष्टी आधीपासून माहीत असाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या इमारतीतील चोरीबरोबर मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीचाही समावेश आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. त्यामुळे गॅरेजमधील चोरी किरकोळ आहे असे समजून तक्रार टाळू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती दुसऱ्या ठाण्यात देता येते. शहर पोलीस आयुक्तालय, जिल्हा पोलीस आणि पलीकडे महाराष्ट्राची हद्द अशा आपल्या भागात ही तरतूद फार उपयोगाची आहे: चंदगड तालुक्यातील घरची चोरी बेळगावात राहणाऱ्या मुलाला बेळगावातही कळवता येते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. इलेक्ट्रॉनिक माध्यमाने कळवल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली आणि आपल्याला कन्नड वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी प्रत्येक वस्तूचे नाव आणि क्रमांक नीट ऐकून खात्री करून घ्यावी.

वाहन गेले असेल तर वेळ फार थोडा असतो. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना हत्तरगी आणि कोगनोळी, धारवाडकडे जाताना हिरेबागेवाडी असे टोलनाके लागतात. फास्टॅगचे पैसे कापल्याचा संदेश आपल्या मोबाइलवर आला तर तो लगेच पोलिसांना दाखवावा. नोंदणी प्रमाणपत्र, चासी आणि इंजिन क्रमांक यांची छायाचित्रे घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावीत. विम्याच्या बाबतीत, केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा लागतो आणि दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. घराच्या भारत गृह रक्षा या प्रमाणित विम्यात आग, पूर अशा घटनेमुळे आणि तिच्यापासून सात दिवसांत झालेल्या चोरीलाच संरक्षण आहे. गॅरेजमधील सामानासाठी घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. हत्यारे आणि मोटरी यांवर नंबर पंचने, म्हणजे धातूवर आकडे उमटवणाऱ्या ठशांनी, खूण करून घ्यावी. उद्यमबागेतील कोणत्याही कारखान्यात नंबर पंचचा संच असतो, हातोडीचे पाच-सहा घाव पुरतात, आणि भंगारात सापडलेली मोटर आपलीच आहे हे त्यावरून सिद्ध करता येते.

चोरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन येतो आणि शटर लगेच सरळ करून द्या, असे सांगितले जाते. त्या वेळी मी आधी विचारतो की, पंचनामा झाला का आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला का. घरफोडीच्या दाव्यात बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा हाच मुख्य पुरावा असतो. शटर सरळ केले, कोयंडा बदलला आणि फरशी पुसली की तो पुरावा गेला. तोपर्यंत कशालाही हात न लावता सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, वाकलेली पट्टी आणि पडलेले कुलूप तसेच ठेवावे आणि रात्रीपुरते आतून दोन आडवे पाइप गाईडना साखळीने बांधून गॅरेज बंद करावे. एवढे काम करून द्यायला मी त्याच संध्याकाळी येतो. वेल्डिंगचे यंत्र मात्र कागदपत्रे झाल्यावरच आणतो, आणि ते आणतो तेव्हा सोबत सेंटर लॉकचा गज आणि गवंडीही असतो.